बोआच्या मादीचे दुसरे वेत फसले : दोष नराचा समजावा का?

वेटोळे (धागालेखक)

नमस्कार. माझ्याकडे बोआ इम्परेटर या जातीच्या सापाची सात वर्षांची मादी असून विणीच्या हंगामापूर्वी तिचे वजन ५.४ किलो होते. दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या वेतात तिने २१ जिवंत पिल्ले दिली आणि सोबत ३ स्लग निघाले होते. ज्यांना हा शब्द नवीन असेल त्यांच्यासाठी सांगतो की, ज्यात पिल्लू वाढलेच नाही अशा मेणासारख्या घट्ट, पिवळ्या अंड्यांना आपण पाळणारे लोक स्लग म्हणतो. गेल्या वर्षी तिला पूर्ण विश्रांती दिली. या वर्षी १० ऑगस्टच्या पहाटे ती व्याली आणि एकूण २७ निघाले : ६ जिवंत, ४ पूर्ण वाढलेली पण मृत, आणि १७ स्लग.

पहिल्या वेताचा नर एका मित्राचा होता व तो आता उपलब्ध नाही. या वेळचा नर माझा स्वतःचा, तीन वर्षांचा, १.६ किलो वजनाचा आणि पहिल्यांदाच जोडीला लावलेला आहे. नोव्हेंबरपासून रात्रीचे तापमान २२ अंशांपर्यंत उतरवले होते आणि दिवसा ते २८ च्या आसपास ठेवले होते. नराला १० डिसेंबरला मादीजवळ सोडले आणि २ जानेवारीला बाहेर काढले, कारण तोपर्यंत त्याने पाच आठवडे काहीच खाल्ले नव्हते व तो बारीक दिसू लागला होता. या काळात दोन वेळा प्रत्यक्ष समागम पाहिला. ओव्ह्युलेशन (बीजांडे सुटणे) मला दिसले नाही, मात्र त्यानंतरची कात तिने २० एप्रिलला टाकली, याची नोंद आहे.

मला हा सरळ नराचा दोष वाटतो. दुसऱ्या एका नराबद्दल बोलणेही जवळपास पक्के झाले आहे. तरीही पुढे जाण्याआधी अनुभवी सदस्यांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढला आहे.

मंदगती

वेत फसले की पहिला आरोपी नेहमी नर असतो आणि त्या बिचाऱ्याला वकीलही मिळत नाही.

दुसरे_वेत

नवा नर आणण्याचे तूर्त थांबवा आणि आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या : ते १७ स्लग आणि ४ मृत पिल्ले यांचे काय केलेत? बहुतेक जण ट्रे धुऊन टाकतात, हात धुतात आणि मग वर्षभर अंदाज बांधत बसतात. अंडी घालणाऱ्या अजगराच्या बाबतीत दिव्यासमोर अंडे धरून आत रक्तवाहिन्या आहेत का हे पाहता येते. बोआ पिल्लांना जन्म देणारा साप असल्यामुळे आपल्याला मधले काही दिसत नाही, आणि प्रसूतीच्या दिवशी ट्रेमध्ये जे पडलेले असते तेवढाच काय तो पुरावा आपल्या हाती येतो.

स्लग कापून पाहावा लागतो. आत सर्वत्र एकसारखा पिवळा बलक असेल आणि रक्ताचा मागमूस नसेल, तर बहुधा फलनच झालेले नाही. बारीक लाल रेषा किंवा डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसले तर फलन झाले होते आणि गर्भ लवकर मेला. पिल्लाला आकार आला आहे, पण अंगावर रंग नाही, असे असेल तर मृत्यू मधल्या काळातला. अंगावर पूर्ण नक्षी असून बलकही पोटात शोषला गेला असेल, तर ते पिल्लू शेवटच्या काही दिवसांत किंवा जन्मतानाच गेले. हे चार वेगळे काळ आहेत आणि त्यांची कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात. तुम्ही २७ ची एकच गोळाबेरीज करून एकच गुन्हेगार शोधत आहात, तिथेच गोंधळ होतो आहे.

नराविषयी एवढेच म्हणेन की, किमान दहा पिल्लांचा बाप तो निर्विवाद आहे. म्हणजे तो वांझ नाही.

भरपूर_खाऊ

माझ्या मते मादी कमी पोसलेली असावी. हंगामाआधी मादीला भरभरून खायला घातल्याशिवाय मोठे वेत मिळत नाही. मी दर आठवड्याला एक मोठा उंदीर देतो.

नोंदवही

धागालेखकांनी तारखा दिल्या आहेत, त्याबद्दल त्यांचे आभार, कारण त्या तारखांतच बरेचसे उत्तर आहे.

ओव्ह्युलेशननंतरची कात साधारणपणे ओव्ह्युलेशन झाल्यावर दोन ते तीन आठवड्यांनी पडते आणि त्या कातीपासून प्रसूतीपर्यंत बहुधा १०० ते १२० दिवस लागतात. २० एप्रिल ते १० ऑगस्ट हे ११२ दिवस होतात, म्हणजे कात ओळखण्यात चूक झालेली नाही. आता मागे मोजू. २० एप्रिलच्या दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे ३० मार्च ते ६ एप्रिलच्या दरम्यान ओव्ह्युलेशन झाले असले पाहिजे. तुम्ही नराला २ जानेवारीला काढलेत. मधे जवळजवळ तीन महिने गेले!

बोआची मादी शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते, म्हणूनच ही सहा पिल्ले तुमच्या हाती लागली. पण साठवण म्हणजे काही बँकेतली मुदत ठेव नव्हे, तिच्यात दिवसागणिक घटच होत असते. पहिल्या वेताच्या वेळी तो मित्राचा नर किती काळ मादीजवळ होता, हे आठवून सांगाल का?

वेटोळे

दुसरे_वेत ताई, सुदैवाने मी काही फेकले नव्हते. सगळे पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवले होते, आणि त्यावरून घरात काय बोलणी खावी लागली ती इथे लिहीत नाही. आज सर्व १७ स्लग कापून पाहिले. १४ मध्ये केवळ एकसारखा बलक आहे. उरलेल्या ३ मध्ये मात्र बारीक लाल वाहिन्या आणि बोटाच्या पेराएवढा गर्भ असून डोळ्यांचे ठिपके स्पष्ट दिसतात. चारही मृत पिल्लांच्या अंगावर पूर्ण नक्षी आहे. त्यांतील दोघांच्या पोटाशी मोठा बलक शिल्लक आहे आणि एकाच्या कण्याला दोन ठिकाणी बाक आहे.

नोंदवही, तुमच्या प्रश्नाने मला चपापायला झाले. मित्राचा नर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत अधूनमधून मादीजवळच असायचा, कारण मित्र तेव्हा बाहेरगावी होता आणि त्याचे साप माझ्याकडे होते. म्हणजे त्या वेळचे यश माझ्या नियोजनाचे नव्हते तर त्याच्या प्रवासाचे होते.

नोंदवही

म्हणजे २७ पैकी १३ चे फलन झाले होते, आणि १४ चे झाले नाही. निम्मा भाग वेळेच्या चुकीने गेला, हे आता मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. नराने पाच आठवडे खाल्ले नाही यात घाबरण्यासारखे काही नव्हते. विणीच्या काळात नर अन्न सोडतातच. त्याला तीन-चार दिवस मादीजवळ ठेवावे, मग काढून आठवडाभर विश्रांती द्यावी, खाल्ले तर एखादा लहान उंदीर द्यावा आणि पुन्हा सोडावे. हा क्रम मादीच्या अंगाच्या मधल्या भागात ओव्ह्युलेशनचा फुगवटा दिसेपर्यंत चालू ठेवावा. तो फुगवटा मोठे भक्ष्य नुकतेच गिळल्यासारखा दिसतो आणि साधारण एका दिवसात ओसरतो, त्यामुळे हुकणे स्वाभाविक आहे. पण तो दिसला नाही म्हणून नराला आधीच काढणे, हे बस दिसत नाही म्हणून थांब्यावरून घरी परतण्यासारखे आहे.

मंदगती

नर निर्दोष सुटला. आता पुढचा आरोपी हजर करा.

दुसरे_वेत

पुढचा खटला अधिक गंभीर आहे. तीन गर्भ लवकर गेले, चार पिल्ले शेवटी गेली, एकाच्या कण्याला बाक आहे आणि दोघांच्या पोटाशी बलक राहिला आहे. या सातांचा वेळेच्या चुकीशी संबंध नाही. मला तापमानाचा संशय येतो. वेटोळे, कृपया सांगा : थर्मोस्टॅटचा (तापमान नियंत्रकाचा) प्रोब, म्हणजे तापमान ओळखणारे टोक, नेमका कुठे बसवला आहे? तापमान तुम्ही थर्मोस्टॅटच्या पडद्यावर वाचता, की पृष्ठभागाचे तापमान स्वतंत्रपणे मोजता? आणि गाभण असताना मादी बहुतेक वेळ कुठे पडून असायची?

वेटोळे

प्रोब हीट मॅटला (पेटी तापवणाऱ्या विजेच्या चटईला) चिकटपट्टीने लावलेला आहे, मर्यादा ३२ अंशांवर ठेवली आहे आणि पडद्यावरचा आकडा मी रोज लिहितो. स्वतंत्रपणे कधी मोजले नाही. मादी मे महिन्यापर्यंत उष्ण टोकाला असायची, पण जूनपासून ती थंड टोकाला, पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळे घालून पडू लागली. प्रसूती जवळ आल्याची ती अस्वस्थता असावी, असे मी समजत होतो.

दुसरे_वेत

गाभण बोआ सहसा ऊब सोडत नाही. ती तासन्‌तास उष्ण टोकाला पडून राहते, पुष्कळदा पोटाची बाजू वर करूनसुद्धा. अशी मादी ऊब सोडून पाण्याभोवती जाऊन पडते तेव्हा ती आपल्याला काहीतरी सांगत असते. आजच इन्फ्रारेड तापमापकाने मॅटवरचा पृष्ठभाग मोजा.

भरपूर_खाऊ

माझ्या प्रतिसादाकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही.

शिस्त

लक्ष दिले आहे, फक्त मत पटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. बोआची मादी शरीरात आधीपासून साठवलेल्या चरबीवर वीण पार पाडते, हे खरे आहे, आणि त्यामुळे हडकुळ्या मादीला जोडीला लावू नये, हेही खरे आहे. पण या सत्याचा अर्थ 'जितकी चरबी जास्त तितकी पिल्ले जास्त' असा लावला की विपरीत घडते. साठवण पुरेशी झाल्यावर पुढची चरबी यकृतावर आणि आतड्यांभोवती चढते, बीजांडे वाढायला जागा उरत नाही आणि प्रसूतीच्या वेळी स्नायूंना कळा द्यायला ताकद राहत नाही. माझ्या एका मादीला मी चार वर्षे लाडाने पोसले. तिचे वेत ९ स्लग आणि २ पिल्ले एवढेच झाले, आणि तीन स्लग अडकल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. तो हट्ट माझा होता आणि किंमत तिने मोजली.

मादी सुदृढ आहे की स्थूल, हे वजनकाट्यावर कळत नाही. तिच्या अंगाचा आडवा छेद कल्पनेने पाहावा. पाठ किंचित उतरती आणि बाजू सपाट असाव्यात, म्हणजे पावाच्या लादीसारखा आकार असावा. अंग दंडगोल झाले असेल, वळताना खवल्यांमधली कातडी दिसत असेल आणि शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी जाणवत असतील, तर आहार निम्म्यावर आणावा. प्रौढ मादीला दर आठवड्याला मोठा उंदीर हा आहार नसून ते तिला आजारी पाडणे आहे.

भरपूर_खाऊ

माझ्या मादीने दर आठवड्याच्या आहारावर सलग तीन वर्षे वेते दिली आहेत. प्रत्यक्षापेक्षा मोठा पुरावा कोणता?

शिस्त

तिन्ही वेतांतील स्लगांची संख्या सांगा.

भरपूर_खाऊ

पहिल्यात ४, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात १५.

शिस्त

उत्तर आपणच दिलेत.

मॉर्फवाली

एक बाजू अद्याप कोणी मांडलेली नाही. जोडी एकमेकांच्या नात्यातली आहे का आणि दोघांत कोणता मॉर्फ, म्हणजे निवडून जोपासलेला रंग-नक्षीचा आनुवंशिक प्रकार, आहे का? माझे पहिले वेत असेच बिघडले होते आणि मी महिनाभर तापमान, आर्द्रता, पाणी सगळे तपासत बसले. कारण अगदी वेगळे निघाले. मी मोटली नावाच्या मॉर्फचा नर आणि त्याच मॉर्फची मादी यांची जोड लावली होती. अशा जोडीत सरासरी चौथा हिस्सा पिल्लांना हे जनुक दोन्ही बाजूंकडून मिळते. ती पिल्ले जन्मतःच गडद रंगाची असतात आणि त्यांतली पुष्कळशी अशक्त निघून पहिल्या वर्षातच दगावतात. माझी चारही गेली. त्यानंतर मी दोन मोटली कधीच एकत्र आणले नाहीत. एका बाजूला साधा बोआ ठेवला तरी निम्मी पिल्ले मोटलीच होतात, मग दुप्पट जनुकाचा हट्ट कशासाठी?

वेटोळे

मॉर्फवाली ताई, दोघेही साधे आहेत, त्यांची उगमस्थाने वेगळी आहेत आणि त्यांच्यात नाते नाही.

निशाचर

किंचित विषयांतर वाटेल, पण ते विषयाला धरूनच आहे. थोडी जिवंत पिल्ले आणि ढीगभर स्लग असे वेत पाहिले की मला आणखी एक शक्यता तपासावीशी वाटते, ती म्हणजे नराविना जनन. २०१० मध्ये वॉरेन बूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोआच्या एका मादीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्याजवळ नर उपलब्ध असूनही तिच्या दोन वेतांतील २२ पिल्ले केवळ आईपासून झाली होती, हे जनुकीय चाचणीने सिद्ध झाले. सगळी पिल्ले मादी होती आणि सगळ्यांत आईचा दुर्मीळ कॅरॅमल रंग उतरला होता. तेव्हा त्या पिल्लांची लिंगगुणसूत्रे डब्ल्यूडब्ल्यू मानली गेली होती. पुढे २०१७ मध्ये बोआ आणि अजगरात एक्सवाय पद्धत (मादी एक्सएक्स, नर एक्सवाय) असल्याचे संशोधन पुढे आले आणि ते कोडे सुटले, कारण एक्सएक्स असलेल्या आईपासून नराविना झालेली पिल्लेही एक्सएक्स, म्हणजे मादीच असणार.

वेटोळे, तुमची सहाही पिल्ले मादी आहेत का? तसे असेल तर नोंदवहींचे सगळे गणित कोसळेल.

नोंदवही

गणित कोसळण्याची वाट आनंदाने पाहतो.

वेटोळे

अनुभवी मित्राकडून तपासून घेतले. ४ नर आणि २ मादी. गणित शाबूत आहे.

आता मुख्य बातमी. दुसरे_वेत ताईंनी सांगितल्याप्रमाणे तापमापक आणला. मॅटवरच्या पृष्ठभागाचे तापमान ३७.५ अंश निघाले.  चिकटपट्टी सुटून प्रोब थंड बाजूला वीतभर सरकला होता आणि वरून भुसा पडल्यामुळे ते दिसत नव्हते. प्रोबला तिथे २९ अंश जाणवत होते, म्हणून थर्मोस्टॅट '३२ व्हायचे आहे' असे समजून मॅट अखंड तापवत राहिला. जूनमध्ये खोलीही तापलेली असायची. म्हणजे एका टोकाला चटका, दुसऱ्या टोकाला उकाडा आणि मधे माझी गाभण मादी. रोज वहीत २९ लिहिताना 'हल्ली मॅट कमी तापते वाटते' असा शेरासुद्धा मी दोनदा मारला आहे. वही माझ्यासमोर उघडी आहे.

मंदगती

आरोपीने कबुलीजबाब दिला आहे. आरोपी थर्मोस्टॅट नसून चिकटपट्टी आहे, हे न्यायालयाने लक्षात घ्यावे.

दुसरे_वेत

विनोद बाजूला ठेवते, कारण हे सर्वांच्या बाबतीत घडू शकते. चिकटपट्टी उष्णतेने हमखास सुटते, म्हणून प्रोब यांत्रिकपणे पकडून बसवावा आणि त्याच्या जागेवर एक निशाणी करून ठेवावी. थर्मोस्टॅटचा आकडा हा प्रोबचा आकडा असतो, सापाचा नसतो. गाभण मादीसाठी उष्ण टोक ३१ ते ३२ अंश आणि थंड टोक २६ ते २७ अंश असावे, आणि या दोहोंमधला फरक उन्हाळ्यातही टिकावा, म्हणजे तिला स्वतःची जागा निवडता येते. मादीला निवड दिली की आपल्या लहानसहान चुका ती स्वतःच सावरते.

सरडेवैद्य

मी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतो, म्हणून काही गोष्टी नोंदवतो.

पहिली तातडीची. मादीला प्रसूतीनंतर तपासले का? स्लग जास्त असलेल्या वेतात एखाददुसरा आत राहणे दुर्मीळ नाही, आणि तो कुजला तर संसर्ग होतो. व्याल्यानंतर पोटाच्या शेवटच्या भागात गाठ जाणवत असेल किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर सोनोग्राफी अथवा क्ष-किरण तपासणी लगेच करावी.

दुसरी, रोगाची. बोआमध्ये इन्क्लुजन बॉडी रोग हा सर्वांत चिंतेचा आजार आहे. याच्याशी संबंधित विषाणूंचा, ज्यांना आज रेप्टअरीनाव्हायरस म्हणतात, शोध २०१२ मध्ये लागला. अडचण अशी आहे की बोआ बाहेरून निरोगी दिसत असतानाही त्याच्या रक्तात विषाणू असू शकतो, आणि आईकडून पिल्लांकडे तो जाऊ शकतो, हेही दाखवले गेले आहे. उलटी होणे, वजन उतरणे, वारंवार तोंड येणे यांसारखी लक्षणे कधी उशिरा दिसतात, तर कधी दिसतच नाहीत. म्हणून रक्ताचा लेप (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी) आणि पीसीआर (विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी) या दोन्ही चाचण्या जोडी लावण्यापूर्वी करून घ्याव्यात.

तिसरी, आपल्या मूळ प्रश्नाची. नर बदलण्याने प्रश्न सुटेल असे तुम्ही मानत होतात, पण आधीच पीडित झालेल्या मादीजवळ अनोळखी नर आणणे, ही या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत धोक्याची पायरी ठरली असती. नवा साप किमान तीन महिने स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र साहित्यासह ठेवावा आणि त्या काळात गोचिडीसारखे सूक्ष्म माइट आहेत का ते पाहावे, कारण रोग एका सापाकडून दुसऱ्याकडे पसरवण्यात त्यांचा हात असल्याचा दाट संशय आहे. नराविषयी शंका उरली असेल तर समागमानंतर मिळणारा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो. संशयावरून नर बदलण्यापेक्षा ही तपासणी पुष्कळ सोपी आहे.

वेटोळे

डॉक्टर, आपले म्हणणे वाचून लगेच तपासणी केली. आत काही शिल्लक नाही. दोघांचेही रक्त तपासायला दिले असून नव्या नराबद्दलचे बोलणे तूर्त थांबवले आहे.

शांत_किनारा

मी नवीन सदस्य आहे. मृत चार पिल्ले जन्माच्या वेळच्या पातळ पडद्यातच होती का? मी ऐकले आहे की बाहेर येऊनही पडदा न फुटल्यामुळे पिल्ले गुदमरतात आणि मालकाने मदत केली तर वाचतात.

दुसरे_वेत

हा मतभेदाचा विषय आहे. माझे मत असे की, पूर्ण वाढलेल्या पिल्लाने पडदा स्वतः फाडावा आणि त्यासाठी त्याला काही वेळ द्यावा. पडद्यात पिल्लू हलत असूनही बराच वेळ बाहेर येत नसेल, तर नाकापाशी पडदा अलगद उघडावा. बलकाची दोरी मात्र ओढू नये, ती आपोआप सुटते. ज्याचा बलक बाहेर आहे त्याला ओलसर टिश्यूवर स्वतंत्र ठेवावे आणि हाताळू नये.

शिस्त

मी तर पडद्याला हातही लावत नाही. जे स्वतः बाहेर येऊ शकत नाही ते पुढे बहुधा जगत नाही, आणि मदतीने बाहेर आलेली माझी दोन पिल्ले पहिली कात टाकण्यापूर्वीच गेली. ताई, आपण या मुद्द्यावर कधीच एकमत होणार नाही.

दुसरे_वेत

माझी मदतीने बाहेर आलेली तीन पिल्ले आज प्रौढ आहेत, त्यामुळे होणार नाही हे खरे.

निशाचर

हंगामात तापमान उतरवणे आवश्यकच आहे का? माझ्या एका मित्राने रात्रीचे तापमान फारसे न उतरवता केवळ प्रकाशाचे तास आणि आहार कमी करून चांगले वेत मिळवले आहे.

नोंदवही

आवश्यकच आहे असे ठामपणे म्हणणार नाही, पण नराच्या दृष्टीने मला ते उपयोगी वाटते, कारण सतत उष्णतेत ठेवलेल्या नराचे उत्साहाचे आणि फलनाचे परिणाम माझ्याकडे तरी वाईट आले. मात्र उतार हळूहळू असावा आणि शेवटचे जेवण पचल्यावरच सुरू व्हावा. पोटात अन्न असताना तापमान खाली गेले तर ते कुजते आणि साप ओकतो, आणि मग हंगाम बाजूला राहून साप वाचवणे एवढेच काम उरते.

वेटोळे (दोन वर्षांनंतर, सप्टेंबरमध्ये)

धागा वर काढतो आहे, कारण ज्यांनी वेळ देऊन लिहिले त्यांना परिणाम सांगणे माझे कर्तव्य आहे.

त्या वेळी दोघांच्याही चाचण्यांत विषाणू आढळला नाही. मादीला एक हंगाम विश्रांती दिली आणि आहार शिस्त यांनी सांगितल्याप्रमाणे कमी केला. वजन ५.१ किलोवर आले. नर तोच ठेवला. त्याला डिसेंबरपासून थांबून थांबून, ओव्ह्युलेशनचा फुगवटा प्रत्यक्ष दिसेपर्यंत मादीजवळ सोडत राहिलो. तो फुगवटा मला १९ मार्चला दिसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरला. प्रोब आता धातूच्या पट्टीने पकडला आहे आणि पृष्ठभागाचे तापमान मी दर आठवड्याला स्वतंत्रपणे मोजतो. मादी शेवटपर्यंत उष्ण टोकाला होती.

परिणाम : २३ पैकी १८ जिवंत, ५ स्लग. पूर्ण वाढलेले मृत पिल्लू एकही नाही. पाचही स्लग कापून पाहिले आणि त्यांत केवळ बलक होता. एका पिल्लाच्या शेपटीला किंचित बाक आहे, पण ते खाते आणि नीट हालचाल करते.

नोंदवही

मनापासून अभिनंदन. मात्र आपण वेळ, तापमान आणि आहार हे तिन्ही एकाच वेळी बदललेत, त्यामुळे कशाचा किती वाटा, हे कधीच कळणार नाही. पाच स्लग कशाने झाले, हेही.

वेटोळे

मान्य आहे. पण एकेक गोष्ट बदलून पाहण्यासाठी मादीला सहा वर्षे वेठीला धरणे मला जमले नसते.

भरपूर_खाऊ

माझ्या मादीचे चौथे वेत २२ स्लगांचे झाले. गेल्या वर्षापासून मीही आहार कमी केला आहे. शिस्त यांनी यावर काही लिहू नये, ही विनंती.

शिस्त

विनंती मान्य.

मंदगती

त्या निर्दोष नराचे पुढे काय झाले? त्याला नुकसानभरपाई मिळाली का?

वेटोळे

मार्चनंतर त्याने खायला सुरुवात केली आणि आता तो २ किलोच्या वर आहे. त्याच्या पेटीतली चिकटपट्टीही मी काढून टाकली आहे.